कच्छच्या हिवाळ्यातील दुर्मीळ पक्षी : कुठे शोधावेत आणि नोंद कशी सिद्ध करावी

पुण्याच्या एका गटाने दोन प्रश्न विचारले आहेत. जानेवारीच्या मध्याला चार-पाच दिवसांसाठी कच्छला जायचे असेल, तर तिथले खरोखर दुर्मीळ पक्षी कोणते आणि ते कुठे शोधावेत, हा पहिला प्रश्न. दुसरा जरा नाराजीचा आहे. गेल्या डिसेंबरात कच्छच्या बन्नी या गवताळ मैदानात काढलेल्या छायाचित्रासह त्यांनी ‘रेड-बॅक्ड श्राइक’ (खाटीक पक्ष्याची एक प्रजाती) अशी नोंद ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर केली होती. ती तपासणीत अडकली आणि मान्य झाली नाही. छायाचित्र स्पष्ट असताना असे का व्हावे, असे त्यांना वाटते. मी बरेच हिवाळे कच्छमध्ये पक्षी पाहत आलो आहे आणि इतरांच्या नोंदी तपासून देण्याचे कामही करतो, म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच घेतो. त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

कच्छमधल्या दुर्मीळ पक्ष्यांचे दोन गट करावे लागतात आणि ते एकमेकांत मिसळले की सहलीचे नियोजनही बिघडते आणि नोंदही. पहिल्या गटातले पक्षी भारतात इतरत्र जवळजवळ दिसत नाहीत, परंतु त्यांच्या जागतिक प्रदेशाची कड कच्छला स्पर्श करते, त्यामुळे ठरावीक अधिवासात, ठरावीक महिन्यांत ते दर हिवाळ्यात कमी-अधिक प्रमाणात येतातच. दुसऱ्या गटातले पक्षी वाट चुकलेले किंवा अवेळी थांबलेले असतात. पहिल्या गटासाठी माहिती आणि चिकाटी पुरते. दुसऱ्या गटातला पक्षी ठरवून शोधता येत नाही. तो समोर आला तर सिद्ध करावा लागतो, आणि तेही आपल्या मनात आलेले नाव बरोबर आहे एवढे दाखवून भागत नाही, त्याच्यासारखी दिसणारी नेहमीची प्रजाती ती का नव्हे हे दाखवावे लागते.

या प्रदेशाची रचना पाहिली की असे का होते ते कळते. कर्कवृत्त भुजहून खावड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला ओलांडून जाते, तिथे तशी पाटीही आहे. त्याच्या उत्तरेला सुमारे अडीच हजार चौरस किलोमीटरचे बन्नी गवताळ मैदान, त्यापलीकडे मोठे रण आणि रणाच्या पलीकडे सिंध. उत्तर आफ्रिकेपासून अरबस्तान, इराण, बलुचिस्तान आणि सिंधमार्गे येणारा वाळवंटी पट्टा राजस्थानात आणि इथे कच्छमध्ये संपत जातो, तर दख्खनच्या काटेरी माळांवरचे पक्षी दक्षिणेकडून इथवर पोहोचतात. त्यामुळे एकाच दिवसात आपल्या सासवड किंवा मोरगाव परिसरातल्या माळावरचे पक्षी आणि इराकमध्ये वीण करणारा पक्षी पाहता येतो. पक्ष्यांना आंतरराष्ट्रीय सीमेचे काही नसते; आपल्याला मात्र असते, आणि त्याचे परिणाम शेवटी सांगतो.

पहिल्या गटाचा मानकरी अर्थातच ग्रे हायपोकोलियस. सहलीला येणाऱ्या बहुतेकांचा ओढा त्याच्याकडे असणार, म्हणून त्याच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. हायपोकोलियडी या कुळात ही एकच प्रजाती आहे आणि जनुकीय अभ्यासानुसार तिचे नाते वॅक्सविंग पक्ष्यांशी जुळते. इराकमधल्या तैग्रिस-युफ्रेटिसच्या खोऱ्यात, इराणमध्ये आणि आसपासच्या प्रदेशात ती वीण करते. बहुसंख्य पक्षी हिवाळ्यात अरबी द्वीपकल्पात उतरतात. बहरीन आणि पूर्व सौदी अरेबिया ही त्यांची ख्यातनाम ठिकाणे. थोडे पक्षी पूर्वेकडे येतात आणि त्यांची शेवटची भरवशाची जागा म्हणजे बन्नीच्या दक्षिण कडेवरचे फुलाय गाव आणि त्याचा परिसर. १९९० च्या दशकापासून इथून जवळपास नियमित नोंदी होत आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, पण या पक्ष्याची उत्तर कोकणातली नोंद सालिम अली यांनी १९३१ साली बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या) जर्नलमध्ये प्रसिद्ध केली होती. कोकणातला तो पक्षी दुसऱ्या गटातला होता. फुलायचा पक्षी पहिल्या गटातला आहे. प्रजाती एकच असली, तरी ठिकाण बदलले की पुराव्याची अपेक्षा बदलते.

फुलायला हा पक्षी पिलूच्या झुडपांमुळे येतो. साल्वाडोरा पर्सिका या झुडपाला तिथले लोक खारी जाळ म्हणतात. हिवाळ्याच्या उत्तरार्धात त्याला बारीक, रसाळ फळे येतात आणि हायपोकोलियसचा मुख्य आहार तीच फळे. म्हणून गावात पोहोचल्यावर पक्षी कुठे आहे असे विचारण्यापेक्षा यंदा कुठल्या भागातल्या जाळीला फळ धरले आहे असे विचारावे. फळांचा हंगाम पावसावर अवलंबून मागे-पुढे होतो, त्यामुळे गेल्या वर्षीची नेमकी झुडपे यंदा रिकामी असू शकतात, आणि एखाद्याच्या यादीतला नकाशावरचा जुना बिंदू धरून तासन्तास उभे राहणारे गट दर वर्षी दिसतात.

वेळ त्याहून महत्त्वाची आहे. कच्छमध्ये जानेवारीत पुण्यापेक्षा उशिरा उजाडते, हे लक्षात ठेवून सूर्योदयापूर्वीच जागेवर असावे. रात्रीच्या निवाऱ्यावरून पक्षी लहान थव्यांनी येतात, सरळ आणि वेगाने उडत येतात, झुडपांच्या शेंड्यांवर काही काळ ऊन खात बसतात आणि मग आत शिरतात. एकदा आत शिरले की ते फांद्यांच्या गाभ्यात स्तब्ध बसून फळे खातात आणि दहा फुटांवरूनही दिसत नाहीत. दुपारी बारा वाजता फुलायला पोहोचून ‘पक्षी नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणूनच चुकीचे. पहाट हुकली असेल, तर फळांनी लगडलेले एक झुडूप निवडून त्याच्यापासून अंतर राखून शांत बसावे, आणि आत होणारी हालचाल व मृदू, शिट्टीसारखा आवाज यांकडे लक्ष द्यावे.

नर ओळखण्यात अडचण येऊ नये. सडपातळ, लांब शेपटीचा, रेशमी राखाडी पक्षी. डोळ्यांवरून मागे जाऊन मानेवर जुळणारी काळी पट्टी, शेपटीचे टोक काळे, आणि पंखांच्या टोकाकडची प्राथमिक पिसे काळी असून त्यांची टोके पांढरी. ही पांढरी टोके बसलेल्या पक्ष्यात फारशी जाणवत नाहीत, उडताना मात्र लगेच डोळ्यांत भरतात. तरीही दर हिवाळ्यात मोठ्या राखी खाटकाची छायाचित्रे हायपोकोलियस म्हणून येतात, कारण राखाडी अंग आणि काळी पट्टी दोघांनाही आहे. खाटकाची चोच जाड आणि आकडीदार असते, त्याच्या काळ्या पंखावर पांढरा डाग असतो, आणि तो बाभळीच्या टोकावर उघड्यावर बसून जमिनीकडे पाहत असतो. मादी हायपोकोलियसला काळी पट्टी नसते, रंग मातकट असतो. त्याच झुडपात मोठे राखी सातभाई, भोरड्यांची पिल्ले आणि पांढऱ्या कानाचे बुलबुल फळांवर आलेले असतात, त्यामुळे तिच्याबाबत घाई करू नये. शेपटीचे गडद टोक, गुळगुळीत पिसारा आणि सरळ उड्डाण या तिन्ही गोष्टी जुळल्या की शंका उरत नाही.

आता पुण्याच्या गटाच्या श्राइकविषयी. आपण वर्णनात लिहिले होते : पाठ तपकिरी, शेपूट तांबूस, कुशींवर खवल्यांसारख्या बारीक रेषा. छायाचित्रही पाहिले, ते स्पष्ट आहे यात वाद नाही. अडचण अशी की त्या छायाचित्रातला पक्षी रेड-बॅक्ड श्राइक नाही, आणि तारीखही त्या नावाच्या विरोधात साक्ष देते. रेड-बॅक्ड श्राइक युरोपात आणि पश्चिम-मध्य आशियात वीण करतो आणि आफ्रिकेच्या पूर्व-दक्षिण भागात हिवाळा काढतो. शरद ऋतूतल्या त्याच्या वाटेचा एक पदर वायव्य भारतावरून जातो, त्यामुळे ऑगस्टच्या उत्तरार्धापासून ऑक्टोबरपर्यंत तो कच्छमध्ये दिसतो, काही वर्षी बऱ्यापैकी संख्येने. डिसेंबर उजाडेपर्यंत तो आफ्रिकेत पोहोचलेला असतो. त्याच वेळी बन्नीत मुक्कामाला आलेले असतात ते इसाबेलाइन आणि रेड-टेल्ड श्राइक, म्हणजे मध्य आशियातले त्याचे जवळचे नातेवाईक. या दोघांची शेपूट आणि कंबर तांबूस असते, खालूनही तांबूसच दिसते; रेड-बॅक्डच्या मादीची शेपूट वरून गडद तपकिरी आणि खालून करडी असते. कुशींवरच्या रेषा मात्र तिन्ही प्रजातींच्या माद्यांत आणि पहिल्या हिवाळ्यातल्या पक्ष्यांत असतात, म्हणून त्या खुणेवर निर्णय होत नाही. आपल्या छायाचित्रातली शेपूट दोन्ही बाजूंनी तांबूस आहे. तो रेड-टेल्ड श्राइक आहे, बहुधा पहिल्या हिवाळ्यातला. नाव बदलून नोंद ठेवा, ती उपयोगाची आहे.

तपासनिसांनी पक्षपात केला असे वाटणे स्वाभाविक आहे, पण यंत्रणा कशी चालते ते समजून घ्यावे. ईबर्डवर प्रत्येक प्रदेशासाठी आणि वर्षाच्या त्या-त्या काळासाठी प्रजातीनिहाय अपेक्षित संख्येची मर्यादा ठरवलेली असते. ती ओलांडली की नोंद आपोआप बाजूला पडते आणि कोणीतरी ती हाताने पाहते. सप्टेंबरात हाच पक्षी याच नावाने टाकला असता तर कदाचित कोणाच्या नजरेत न येता तो यादीत बसला असता, आणि चुकीची नोंद तशीच राहिली असती. थोडक्यात, डिसेंबरने आपल्या नोंदीचे भलेच केले.

तारखेची ही चाळणी कच्छमध्ये फार उपयोगी पडते, कारण या जिल्ह्याची कीर्ती ज्या युरोपीय पक्ष्यांमुळे झाली त्यांतले बरेचसे हिवाळी पाहुणे नाहीतच. युरोपियन रोलर, युरोपियन नाइटजार, स्पॉटेड फ्लायकॅचर, रुफस-टेल्ड स्क्रब रॉबिन, ग्रेटर व्हाइटथ्रोट हे सगळे शरद ऋतूत इथून पुढे सरकतात. जानेवारीत निळा पक्षी तारेवर दिसला तर तो आपला नीलपंख असतो. त्याच्या गळ्या-छातीवर तांबूस रेघोट्या असतात, आणि उडताना पंखात गडद व फिक्या निळ्याचे पट्टे दिसतात. युरोपियन रोलरचे डोके आणि सगळे खालचे अंग निळे असते, उड्डाणपिसे काळपट. जानेवारीत त्याची नोंद करायची असेल तर पंख उघडलेले छायाचित्र हवेच. ज्यांना या वाटसरूंची आस आहे त्यांनी जानेवारीची सहल तशीच ठेवून सप्टेंबरात वेगळे यावे. उकाडा असतो, डास असतात, पण पक्षीही असतात.

बन्नीच्या गवताळ भागात जानेवारीत काय पाहावे, तर माझ्या मते स्टॉलिझ्काज बुशचॅटला पहिला मान द्यावा. हायपोकोलियसपुढे तो झाकोळला जातो, पण तो वायव्य भारत आणि लगतच्या पाकिस्तानापुरताच मर्यादित आहे आणि जागतिक पातळीवर संकटग्रस्त आहे. मोकळ्या, खुरट्या गवतात तो राहतो. त्याच मैदानात सायबेरियन गप्पीदास भरपूर असतात आणि त्यांच्या माद्या व कोवळे पक्षी पाहून अनेकजण फसतात. स्टॉलिझ्काची चोच लांब व सडपातळ, भुवई ठळक आणि फिकी, गळा पांढरा; शिवाय छातीचा पिसारा फुगवून डावी-उजवीकडे झुलत चालण्याची त्याची एक विलक्षण सवय आहे, जी एकदा पाहिली की पिसांच्या खुणांची गरज उरत नाही. ती दिसण्यासाठी गाडी थांबवून इंजिन बंद करून बसावे लागते, आणि हेच बहुतेक गट करत नाहीत.

त्याच मैदानात संध्याकाळी साइक्सचा रातवा निघतो. याचे शास्त्रीय नाव कॅप्रिमल्गस महरॅटेन्सिस. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांचे वर्णन १८३२ साली केले, तेव्हा हे नाव दिले गेले. नाव आपल्याकडचे असले तरी पक्षी वाळवंटाच्या कडेचा, आणि महाराष्ट्रात तो शोधायला निघण्यापेक्षा बन्नीच बरी. इतर रातव्यांच्या मानाने तो वाळूच्या रंगाचा, फिकट आणि फारशा ठळक खुणा नसलेला दिसतो. प्रखर टॉर्च त्याच्या डोळ्यांवर रोखून छायाचित्रे काढणारे गट पाहिले की त्रास होतो. रस्त्यावर बसलेल्या रातव्याला गाडीच्या मंद दिव्यात काही सेकंद पाहणे पुरेसे असते.

चंडोलांकडे दुर्लक्ष करू नये. ग्रेटर शॉर्ट-टोड लार्कचे प्रचंड थवे उठतात तेव्हा त्यांत बायमॅक्युलेटेड लार्क मिसळलेले असू शकतात. आकाराने थोराड, आखूड शेपटीचे आणि छातीच्या दोन्ही बाजूंना काळा डाग असलेले पक्षी त्या गर्दीतून वेचावे लागतात. दख्खनच्या माळावरचा डोंबारी चंडोल आपल्याला माहीत आहे; रणाच्या कडेला त्याचा वाळवंटी भाऊबंद ब्लॅक-क्राउन्ड स्पॅरो-लार्क दिसतो, ज्याच्या नराच्या डोक्याचा माथा राखाडीऐवजी काळा असतो. माद्यांवरून निर्णय करू नये. लांब, वाकड्या चोचीचा ग्रेटर हूपू-लार्क मात्र रणाच्या ओसाड कडेवर धावताना दिसला तर त्याची कोणाशी गल्लत होत नाही.

टिटव्यांच्या थव्यात सोशिएबल लॅपविंग शोधणे हे कष्टाचे पण महत्त्वाचे काम आहे. कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशात वीण करणारी ही टिटवी अतिसंकटग्रस्त आहे आणि वायव्य भारत हा तिच्या हिवाळी प्रदेशाचा एक भाग आहे. नांगरलेली शेते आणि चरून खुरटलेले गवत तिला आवडते. धाविक पक्षी जिथे आहेत तिथे दुर्बीण फिरवावी. दोन्ही फिकट भुवया मागे मानेवर इंग्रजी व्हीसारख्या मिळतात आणि पाय काळे असतात. पाणथळीजवळच्या व्हाइट-टेल्ड लॅपविंगचे पाय पिवळे असतात आणि चेहरा साधा असतो. सोशिएबल लॅपविंग सापडली तर थव्यातली संख्या नीट मोजावी, कारण या प्रजातीबाबत ‘दिसली’ यापेक्षा ‘किती दिसल्या’ याला मोल अधिक आहे.

पश्चिम कच्छमधल्या नलिया भागाविषयी थोडक्यात आणि स्पष्ट सांगतो. तिथे माळढोकाच्या बोटांवर मोजण्याइतक्या माद्या उरल्या आहेत. त्यांच्या मागे गाडी घालू नये, आणि सहलीच्या यादीतून माळढोकच काढून टाकावा असा माझा आग्रह राहील. मॅक्वीन्स बस्टर्ड, म्हणजे हुबारा, हिवाळ्यात या भागात येतो आणि तो रस्त्यावरूनही कधी कधी दिसतो. माळढोकापेक्षा बराच लहान, वाळूच्या रंगाचा, मानेच्या बाजूने काळी पट्टी असलेला आणि उडताना पंखात मोठा पांढरा डाग दाखवणारा. सीमेपलीकडे त्याची पाळीव ससाण्यांकरवी शिकार होते, म्हणून इथे तो फार बुजरा असतो. नलियाचे नाव हिवाळ्यात गुजरातमधले सर्वांत थंड ठिकाण म्हणून वारंवार बातम्यांत येते, तेव्हा पहाटेसाठी जाड कपडे घ्यावेत.

छारी-ढंढकडे वळतो. २००८ साली गुजरातमधले पहिले संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून ती जाहीर झाली. क्षेत्र २२७ चौरस किलोमीटर. ही उथळ पाणथळ पूर्णपणे पावसावर जगते. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी फेब्रुवारीपर्यंत टिकते आणि सामान्य क्रौंच हजारोंच्या संख्येने मुक्कामाला येतात. कोरड्या वर्षी डिसेंबरातच भेगाळलेली जमीन उरते आणि क्रौंच शेतांकडे पांगतात. निघण्यापूर्वी भुजमधल्या कोणाकडून तरी यंदा पाणी आहे का एवढे विचारून घ्यावे, कारण दुर्मीळ बदके त्यावरच अवलंबून असतात. मार्बल्ड डक हा इथला अधूनमधून येणारा मोठा पाहुणा आहे, परंतु तो बदकांच्या गर्दीत, उन्हाच्या झळीत आणि दूरवर असतो. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून, तिपाईवरच्या दुर्बिणीतून, एकेक बदक पाहण्याची तयारी हवी.

छारी-ढंढची खरी श्रीमंती शिकारी पक्ष्यांत आहे आणि नोंदींतला सर्वांत मोठा गोंधळही तिथेच होतो. स्टेपी ईगल, टॉनी ईगल, ईस्टर्न इम्पीरियल ईगल, ग्रेटर स्पॉटेड ईगल हे चारही एका सकाळी दिसू शकतात, आणि यांतला प्रत्येक पक्षी प्रौढ होईपर्यंत दर वर्षी वेगळा दिसतो. कोवळ्या स्टेपी ईगलच्या पंखाखालून एक रुंद पांढरा पट्टा जातो आणि त्याच्या जबड्याची पिवळी रेघ डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत पोहोचते. कोवळ्या इम्पीरियलच्या छातीवर उभ्या रेघा असतात आणि पंखाच्या आतल्या प्राथमिक पिसांत फिकट पाचर दिसते. यापलीकडे मधल्या वयाचे पक्षी येतात, ज्यांच्यापुढे अनुभवी माणसेही हात टेकतात. अशा वेळी ‘मोठा गरुड, प्रजाती अनिश्चित’ एवढीच नोंद करणे पूर्णपणे मान्य आहे. आपल्याकडे अशा नोंदीला कमीपणा समजतात, ते मला पटत नाही. काळे गिधाड, म्हणजे सिनेरियस व्हल्चर, काही हिवाळ्यांत बन्नीत उतरते. त्याचा प्रचंड आकार आणि एकसंध गडद रंग पाहून ते ओळखता येते. मर्लिन हा छोटा ससाणा गवताळ भागात चंडोलांच्या थव्यांमागे असतो, पण क्षणभरच दिसतो, म्हणून छायाचित्राशिवाय त्याची नोंद करताना वर्णन सविस्तर द्यावे.

किनाऱ्यासाठी एक सकाळ ठेवा. मांडवीजवळ ओहोटीच्या वेळी क्रॅब प्लोव्हर मिळण्याची शक्यता चांगली असते. कुरवांच्या बाबतीत मात्र एकाच छायाचित्रावरून ‘कॅस्पियन गल’ अशी घोषणा करू नये. ह्यूग्लिन्स, स्टेपी आणि कॅस्पियन यांच्या कोवळ्या पक्ष्यांसाठी बसलेला, उडणारा आणि शेपूट पसरलेला अशी निदान तीन छायाचित्रे लागतात.

राहिला दुसरा गट, म्हणजे ज्याचे नाव आपल्या पुस्तकात कच्छच्या नकाशावर नाहीच असा पक्षी. तो समोर आला तर क्रम असा ठेवावा की आधी छायाचित्र, मग कागद, मग पुस्तक. पहिली छायाचित्रे वाईट असली तरी चालतील. उलट्या प्रकाशातले, झाडाआडचे चित्रही पंखांचे प्रमाण आणि शेपटीची लांबी सांगते. त्यानंतर पुस्तक न उघडता दिसलेले सगळे लिहून काढावे, कारण पुस्तकातले चित्र एकदा पाहिले की मन न पाहिलेल्या खुणाही पाहिल्यासारख्या सांगू लागते. आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावा. वटवट्या आणि तिरचिमण्यांच्या बाबतीत तो छायाचित्राहून अधिक निर्णायक ठरतो. पक्षी किती अंतरावर होता, प्रकाश कुठून होता, शेजारी कोणती ओळखीची प्रजाती होती आणि तिच्या तुलनेत तो केवढा वाटला, हेही लिहावे. मग गटातल्या प्रत्येकाला आपापले वर्णन वेगळे लिहू द्यावे. पाचजणांनी एकमेकांशी बोलून लिहिलेली पाच वर्णने ही तपासणाऱ्याच्या दृष्टीने एकच वर्णन असते.

कॅमेऱ्याची तारीख-वेळ बरोबर आहे हे सहलीपूर्वी तपासावे, आणि मूळ फाइल जपून ठेवावी. रंग खुलवलेले, कातरलेले चित्र समाजमाध्यमांवर शोभते, पण तांबूस शेपूट खरोखर तांबूस होती की संगणकावर झाली, हा प्रश्न तपासणाऱ्याला पडू नये. नोंद खरोखर नवी असेल तर ईबर्डवर टाकून थांबू नये. भारतीय पक्षिविषयक नियतकालिकात तिचे टिपण प्रसिद्ध व्हावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ती सापडते. १९३१ ची कोकणातली नोंद आज आपल्याला माहीत आहे, कारण ती छापली गेली.

सीमेमुळे येणाऱ्या मर्यादा आता सांगतो. धोरडोच्या पांढऱ्या रणासाठीचे परवाने भिरंडियाराच्या नाक्यावर मिळतात. छारी-ढंढसाठी वनखात्याची परवानगी घ्यावी. खावड्याच्या पुढे सीमेकडच्या भागात सर्वसाधारण पर्यटकाला जाता येत नाही, आणि जिथे जाता येते तिथेही ओळखपत्रे सगळ्यांची, मूळ प्रत, जवळ असावीत. ड्रोन घरी ठेवून यावा. लांब भिंगे घेऊन रणाच्या कडेला थांबलेल्या गाडीकडे सीमा सुरक्षा दलाचे जवान चौकशीला येणारच. शांतपणे सांगावे, कॅमेऱ्यातली चित्रे दाखवावीत. चौक्या, मनोरे आणि पूल यांची छायाचित्रे पार्श्वभूमीलाही येऊ देऊ नयेत. स्थानिक वाटाड्या सोबत असेल तर यातले निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत, शिवाय १९६० च्या दशकात लावलेली वेडी बाभूळ आता बन्नीत इतकी माजली आहे की तिच्या जंजाळात गाडीवाट चुकणे सोपे आहे.

पायात कडी किंवा पाठीवर उपकरण असलेला पक्षी दिसला, तर सीमाभागात त्यावरून हेरगिरीच्या अफवा उठायला वेळ लागत नाही. प्रत्यक्षात ती बहुधा स्थलांतराच्या अभ्यासासाठी बसवलेली साधने असतात. कडीचा रंग, कुठल्या पायात होती, आणि दिसल्यास अक्षरे-आकडे यांचे छायाचित्र घेऊन बीएनएचएसला कळवावे. मृत पक्षी आढळला तर वनखात्यालाही.

ठिकाण जाहीर करण्याबाबत माझा नियम पक्ष्यानुसार बदलतो. हायपोकोलियसचे गाव सर्वांना माहीत आहे, ते लपवण्यात अर्थ नाही, मात्र त्या दिवशी पक्षी बसलेल्या नेमक्या झुडपाचा बिंदू समूहावर टाकला की दोन तासांत तिथे आठ गाड्या येतात आणि पिलूची झुडपे तुडवली जातात, म्हणून तो बिंदू मी संध्याकाळपर्यंत देत नाही. माळढोक, हुबारा आणि दिवसा विसाव्याला बसलेली घुबडे यांचे बिंदू अजिबात देत नाही. ईबर्डही संवेदनशील प्रजातींची ठिकाणे जाहीर करत नाही. सोशिएबल लॅपविंगचे शेत मात्र तिथल्या शेतकऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनेच कळवावे, कारण दुसऱ्या दिवशी बांधावर उभ्या राहणाऱ्या माणसांना सामोरे जायचे असते ते त्याला.